मदत हवी आहे: काउंटीच्या आराखड्यात नवा रस्ता येतोय, म्हणणं कधी आणि कसं मांडावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. आमच्या काउंटीच्या दीर्घकालीन आराखड्यात दुरुस्ती करून काही नवे रस्ते दाखवायचं घाटतंय. त्यातली एक तुटक रेघ आमच्या वसाहतीमागच्या तळ्याच्या काठाने, मुलं सायकलवरून शाळेत जातात त्याच वाटेवरून गेली आहे. चौपदरी, मध्ये दुभाजक.

शेजारी म्हणतात, "नुसता आराखडा आहे, रस्ता व्हायला वीस वर्षं लागतील." मला हे पटत नाही. इथल्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्ता आराखड्याशी सुसंगत असावा लागतो. रेघ एकदा मंजूर झाली की रस्त्याची वाट बरीच मोकळी होते, पुढे बिल्डरकडून जागाही त्याच रेघेप्रमाणे राखून घेतली जाते. बोलायचं ते आत्ताच.

आधी नियोजन आयोगाची जनसुनावणी, मग बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची (काउंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ), आणि शेवटचा निर्णय बोर्डाचा, हे कळलं. राज्याच्या रस्त्यांवर मोठा परिणाम होणार असेल तर प्रस्ताव व्हीडॉटकडेही (व्हर्जिनिया राज्याच्या वाहतूक विभागाकडे) जातो.

रस्ता नकोच असं माझं म्हणणं नाही, सकाळची कोंडी मीही रोज सोसते. दोन पदरी करा आणि सायकलची वाट वेगळी ठेवा, एवढंच मागायचं आहे.

कुणी अशा सुनावणीत बोललं आहे का? आयोगापुढे बोलणं जास्त उपयोगी की थेट आपल्या सुपरवायझरला आधी भेटावं? व्हीडॉटचा अभिप्राय नागरिकांना मागून मिळतो का? लेखी निवेदनाचा नमुना असेल तर कृपया पाठवा.