दोन पंच, दोन शिट्ट्या, दोन वेगळे निर्णय: कॉल नक्की कोणाचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बास्केटबॉल खेळलो, पण शिट्टी हातात घेऊन जेमतेम चार महिने झालेत. परवा शालेय सामन्यात मी लीड, म्हणजे बेसलाइनवर (रिंगमागच्या रेषेवर) उभा राहणारा पंच. जोडीदार ट्रेल, म्हणजे खेळाच्या मागून, मधल्या रेषेच्या बाजूने येणारा पंच. त्याच्या बाजूने गार्ड बॉल घेऊन आत घुसला, रिंगखालचा बचावपटू मदतीला आडवा आला आणि धडक. दोघांच्या शिट्ट्या एकदम! मी तळहातावर मूठ आपटून चार्ज (बॉलवाल्याचा फाउल) दाखवला, त्याने कमरेवर हात ठेवून ब्लॉक (बचावपटूचा फाउल). दोन्ही कोच कोर्टात. जोडीदार क्रू चीफ (मुख्य पंच) असल्याने त्याचा निर्णय राहिला. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

पाठ केलेली वाटणी अशी: बेसलाइन, माझ्याकडची साइडलाइन आणि रिंगखालची ढकलाढकली माझी. मधली रेषा, पलीकडची साइडलाइन, ८ सेकंद (बॉल मधल्या रेषेपलीकडे नेण्याची मुदत), बहुतेक थ्री (तीन गुणांचे शॉट) आणि गोलटेंडिंग (रिंगकडे खाली येणाऱ्या बॉलला हात लावणं) ट्रेलचं. पण खेळ त्याच्या भागातून माझ्या भागात आला की कॉल कोणाचा?

दुसरं, प्रामाणिकपणे सांगतो, बॉल लांब असला तरी माझी नजर तिकडेच जाते. खेळाडूची खोड. ती कशी मोडायची?

---

प्रतिसाद:
क्रू चीफने निकाल दिला ते नियमाला धरूनच, पण तिथवर पाळी यायला नको होती. शिट्टी मारली की आधी फक्त मूठ वर. मग जोडीदाराकडे बघा. ब्लॉक की चार्ज हे लगेच दाखवायची घाई नको. तुम्ही दोघंही तिथेच फसलात.

आम्हाला शिकवलेलं असं: ड्राइव्ह (बॉल घेऊन रिंगकडे घुसणं) ट्रेलच्या भागात सुरू झाला, तर बॉलवाला आणि त्याला पहिल्यापासून धरून असलेला बचावपटू शेवटपर्यंत ट्रेलचे. मदतीला आलेला दुसरा बचावपटू लीडचा, कारण तो आधी उभा राहिला की उशिरा सरकला हे लीडनेच पाहिलेलं असतं. म्हणजे तुमचा हा कॉल तुमचाच होता. सामन्याआधी पाच मिनिटं हेच बोलून घ्या, चहा नंतर.

नजरेचं म्हणाल तर बॉल ट्रेलकडे असताना रिंगजवळची एक जोडी पकडा आणि तिचे हात-पाय बघत राहा. दोघंही बॉल बघत बसलात तर आठ खेळाडू मोकळे सुटतात.

---

धागाकर्ता:
आभार. सामन्याआधी आम्ही फक्त टॉस कोण करणार एवढंच बोललो होतो, आणि बास्केटबॉलमध्ये टॉस म्हणजे जंप बॉल, सामना सुरू करताना दोन खेळाडूंमध्ये बॉल वर उडवणं! तीन पंच असले की सेंटर, म्हणजे तिसरा पंच, नक्की कुठे उभा राहतो, तेही कोणी सांगेल का?