बरणी, किसणी आणि मोरांडी

'घरात रंगवण्यासारखं काही सापडतच नाही' ही चित्रं काढू पाहणाऱ्या एकाची तक्रार वाचली आणि चित्रकार जॉर्जो मोरांडी आठवला. जन्म १८९०, मृत्यू १९६४, दोन्ही इटलीतल्या बोलोन्यात. बहिणींसोबत राहायचा आणि वर्षानुवर्षं त्याच त्या बाटल्या, डबे, सुरया चित्रांत रंगवायचा. काचेची चमक नको म्हणून काही बाटल्यांना आधी रंग फासायचा, वर साचलेली धूळही राहू द्यायचा. एखादी बाटली जराशी सरकली की दोन बाटल्यांमधली फट बदलते. त्याच्या चित्रांचा खरा विषय ती फटच, असं माझं मत.

मीही ओट्यावरची चिनी मातीची बरणी आणि किसणी मांडून पाहिली. बरणी जमली, किसणीने रडवलं. भोकं मोजत बसलो तोवर चित्र मेलं होतं. डोळे किलकिले करून नुसता करडा पट्टा ओढला, तेव्हा कुठे किसणी दिसायला लागली. स्टीलचं पातेलं सुरुवातीला नको, त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं, तुमच्यासकट! ट्यूबलाइट बंद करा, एकाच खिडकीचा उजेड घ्या. आणि घरात आधी सांगून ठेवा. माझी बरणी चित्र अर्धं असतानाच लोणच्याला गेली.