मदत हवी आहे: प्रोसेसरच बिघडत चाललाय की दुसरंच काही? (निपाणी)

अक्षरजुळणी_निपाणी
नमस्कार मंडळी. डीटीपीचं (अक्षरजुळणीचं) मशीन आहे. ६ कोर १२ थ्रेडचा, ६५ वॅटचा प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. जोडणी २०२० ची. महिनाभरापासून आठवड्यात तीन-चारदा आपोआप रिस्टार्ट होतंय, कधी काम चालू असताना, कधी नुसतंच चालू ठेवलेलं असताना. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा जुळत नाही असा) येतो, आणि तीच फाइल लगेच पुन्हा उघडली की नीट उघडते. निळा पडदाही आला, एकदा 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' (हार्डवेअरची न सावरलेली चूक), एकदा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट'. विंडोज नव्यानं टाकलं, फरक नाही. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतात. संध्याकाळी इथं व्होल्टेज कमी-जास्त होतं आणि तंबाखूची बारीक धूळ तर सगळीकडेच. खर्च करण्याआधी काय तपासू?

बोर्डदुरुस्ती_टिळकवाडी
बोर्ड इतक्यात बदलू नका ओ. तीच फाइल एकदा बिघडते आणि एकदा चालते, म्हणजे डिस्कवरची फाइल शाबूत आहे. चूक वाटेत होतेय, रॅममध्ये किंवा प्रोसेसरमध्ये. सगळ्या भागांत प्रोसेसर सर्वांत कमी वेळा जातो, म्हणून त्याचा नंबर शेवटी.

आधी वीज. काम सेव्ह करा आणि मशीन चालू असताना यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. रिस्टार्ट झालं तर यूपीएसची बॅटरी संपली. मग मशीनवर लोड असताना एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर मल्टिमीटर लावा, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवं. बायोसमधल्या (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावरच्या) आकड्यावर विसंबू नका.

मग उष्णता. हीटसिंकच्या पात्यांत धूळ बसली असेल तर पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा, मोकळा फिरू देऊ नका. कूलर पुश-पिनचा असेल तर चारही पिना हलवून बघा. एक जरी सुटली तरी कूलर एका बाजूनं उचलला जातो आणि तापमान चढतं. पेस्ट वाळली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावा. लोडवर ८५ अंशांच्या आत राहिलं तर उष्णतेचा प्रश्न नाही. आणखी एक, प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. मशीन मोकळं असताना होणारा रिस्टार्ट त्यामुळे सहसा उष्णतेचा नसतो.

मग रॅम. बायोसमध्ये डिफॉल्ट लोड करा, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद ठेवा आणि मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चारही पास (फेऱ्या) होऊ द्या. एकसुद्धा एरर चालत नाही. आली तर एकेक पट्टी, एकाच स्लॉटमध्ये लावून, वेगळी तपासा.

आता महत्त्वाचं. विंडोजमधल्या नोंदी बघा: इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. 'कर्नल-पॉवर ४१' सोडून द्या, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ती नोंद सांगते. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' १८ आणि १९ शोधा. १८ म्हणजे न सावरलेली चूक, १९ म्हणजे सावरलेली. प्रत्येक नोंदीतला एपीआयसी आयडी (चूक कोणत्या थ्रेडवर झाली तो क्रमांक) लिहून काढा. १७ क्रमांक बहुतेकदा पीसीआय एक्सप्रेसचा (ग्राफिक्स कार्डासारख्या जोडलेल्या भागांचा) असतो, त्यात गुंतू नका.

अक्षरजुळणी_निपाणी
केलं सगळं. यूपीएस टिकला, १२ व्होल्टची लाइन ११.९. साफसफाईनंतर लोडवर ७१ अंश. मेमटेस्ट चारही पास स्वच्छ. १८ च्या पाच आणि १९ च्या अकरा नोंदी आहेत, सगळ्या 'कॅश हायरार्की एरर' (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक). आयडी प्रत्येक वेळी ४ किंवा ५.

बोर्डदुरुस्ती_टिळकवाडी
मग बोट प्रोसेसरकडेच जातं. प्रत्येक कोरचे दोन थ्रेड, म्हणून आयडी ० आणि १ पहिल्या कोरचे, २ आणि ३ दुसऱ्याचे, म्हणजे ४-५ हा तिसरा कोर. वीज किंवा बोर्डाचा दोष असता तर नोंदी बहुधा वेगवेगळ्या कोरवर विखुरल्या असत्या. खात्रीसाठी प्राइम९५ या प्रोसेसरवर ताण देणाऱ्या प्रोग्राममध्ये 'स्मॉल एफएफटी' ही चाचणी लावा आणि टास्क मॅनेजरच्या 'सेट अ‍ॅफिनिटी'त फक्त सीपीयू ४ आणि ५ ठेवा. 'राउंडिंग ०.५, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित' असा एरर आला, तर त्या कोरची बेरीज चुकतेय. मग हीच चाचणी ० आणि १ वर तासभर चालवा.

शेवटचा पुरावा म्हणजे हाच प्रोसेसर त्याच सॉकेटच्या दुसऱ्या बोर्डावर चढवणं. पिना प्रोसेसरखाली असतील तर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं तापवा आणि कूलर हळू फिरवत सोडवा. थंड पेस्टवर सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

चिकोडी_सर्व्हिस
वाचणाऱ्या इतरांसाठी: इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा ६५ वॅट किंवा वरचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर बायोस आधी अपडेट करा. जास्तीच्या व्होल्टेजनं ते झिजत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी ०एक्स१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसमधून येते) आला. त्यानं पुढची झीज टळते, झालेली भरून येत नाही. ग्राफिक्स मेमरी भरपूर असताना गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणतो, ही तिथली ओळखीची खूण. कंपनीनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे.

अक्षरजुळणी_निपाणी
४-५ वर दोन मिनिटांत तोच एरर, ०-१ वर तासभर काही नाही. नवा येईपर्यंत पत्रिकांचं काम कसं निभावू?

बोर्डदुरुस्ती_टिळकवाडी
पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा, बूस्ट (आपोआप वाढणारा जादा वेग) बंद होतो. कमी वेगावर झिजलेला कोर बरेचदा तग धरतो. बायोसमध्ये ठरावीक कोर बंद करायची सोय असेल तर ते त्याहून चांगलं. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या बूट सेटिंगमध्ये) प्रोसेसरची संख्या कमी करून उपयोग नाही, त्यात नेमका तिसरा कोर वगळता येत नाही.

आणि या महिन्यात घेतलेला बॅकअप भरवशाचा धरू नका. सगळ्या झिप दुसऱ्या मशीनवर नेऊन सेव्हन-झिपमधलं 'टेस्ट' चालवा. ज्या नापास होतील त्या मूळ फाइलींवरून तिथंच पुन्हा बनवा, या मशीनवर नको. पीडीएफ छपाईला जाण्याआधी पानंपानं उघडून बघा.