वाड्यात हॉरर ट्रेलर: मोबाइलवर अंधार नीट कसा येईल?

तिसरी_घंटा: मास मीडियाच्या प्रोजेक्टसाठी ९० सेकंदांचा ट्रेलर करायचाय. जुना वाडा, एकच रात्र, चार जण, खर्च ३००० रुपयांच्या आत. चाचणीत काळोखात चित्रावर मुंग्यांसारखे ठिपके दिसतात आणि ट्यूबलाइट असली की चित्रावर पट्टे सरकतात. शिवाय रक्त घरी कसं करायचं?

कंदीलवाला: अंधार दिसला की फोन आपणहून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) चढवतो, म्हणून मुंग्या. मॅन्युअल मोड असलेलं ॲप घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ ८०० च्या आत, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) नि व्हाइट बॅलन्स (रंगाची उष्ण-थंड छटा ठरवणारं सेटिंग) लॉक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० शटरमध्ये बरोब्बर दोन लुकलुकी मावतात आणि पट्टे जातात. १/६० ला हिशेब जुळत नाही.

सगळे दिवे मात्र मालवू नका. ६५०० केल्विनचा १२ वॅटचा पांढरा बल्ब खिडकीबाहेर लावा, मध्ये बटर पेपर. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर ठेवलात की तो निळसर चांदणं होतो आणि कंदिलात दडवलेला पिवळा बल्ब केशरी दिसतो. प्रकाश बाजूने किंवा मागून हवा, कॅमेऱ्याच्या बाजूने कधीच नाही. खरा घात करतात चुन्याच्या भिंती: उजेड परतवतात आणि काळं करडं होतं. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर काळी घोंगडी टांगा. अंगणातले शॉट सूर्यास्तानंतरच्या वीसेक मिनिटांत उरका, पूर्ण रात्रीची वाट बघू नका.

रंगपेटी: रक्तासाठी केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम, लाल खायचा रंग एक चमचा, कोको अर्धा चमचा, निळ्या रंगाचा एखादा थेंब. कोको आधी दोन चमचे कोमट पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. निळा थेंब विसरलात तर रक्त गुलाबी सरबतासारखं दिसतं. डोळ्यांपासून लांब ठेवा. कपड्यावरचा डाग जात नाही, म्हणून त्याच पोशाखाची दुसरी जोडी हवीच. बाटलीचं झाकण घट्ट लावा, नाहीतर खऱ्या मुंग्या येतील.

कानोसा: चित्रावरच सगळा जीव ओतू नका, घाबरवतो तो आवाज. दुसरा फोन एअरप्लेन मोडवर टाकून पात्राच्या खिशात ठेवा, इअरफोनचा माइक कॉलरपाशी, सुरुवातीला एक टाळी, म्हणजे नंतर चित्र-आवाज जुळवता येतात. वाड्याची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा, एडिटमध्ये ती बाकी आवाजांखाली चालू ठेवायची. हाड मोडायचं असेल तर ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून पिळा. दचकवायच्या आधी एक सेकंद ती शांततासुद्धा झटकन कापा, हळूहळू विरवू नका. ९० सेकंदांत असं एकदाच, फार तर दोनदा. फोनचा फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो आणि एडिटमध्ये ओठ-आवाज फाटतात. आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ करून घ्या.

तिसरी_घंटा: धुरासाठी ऊद चालेल का?

कंदीलवाला: चालेल. पंखे बंद, धूर दोन मिनिटं पसरू द्या, मागून बल्ब. धुराचे सगळे शॉट सलग घ्या, नाहीतर कटागणिक दाटपणा बदलतो. मधूनमधून दारं उघडा. लाकडी वाडा आहे, धुपाटणं फरशीवर ठेवा आणि शेजारी पाण्याची बादली. किंकाळ्यांचे शॉट रात्री दहाच्या आत घ्या, आळीत आणि पोलीस चौकीत आधी सांगून.