प्रतिसाद: उंच शिखर म्हणजे जुना खडक नव्हे

माउंट अबूवरचं गुरुशिखर (१७२२ मी.) अरवलीत सर्वांत उंच, म्हणून तिथला खडक सर्वांत जुना, असं कुणीतरी लिहिलंय. उलट आहे. अबूचा ग्रॅनाइट जेमतेम ७५-८० कोटी वर्षांचा. मेवाडातला पट्टेदार नाइस (उष्णता-दाबाने बदललेला खडक) २५० कोटींच्याही मागे जातो, आणि तो बराचसा सपाट माळावर पडलाय!

दिल्ली-अलवरकडच्या डोंगरधारा उरल्या त्या क्वार्टझाइटमुळे (वाळूखडकापासून बनलेला अतिकठीण खडक). मऊ, पापुद्र्यांचा शिस्ट खडक झिजून मध्ये दऱ्या झाल्या.

फिल्डवर क्वार्टझाइट आणि संगमरवरात गोंधळ झाला तर चाकूने ओरखडा काढा. संगमरवरावर उमटतो, क्वार्टझाइटवर पात्याचीच राखाडी रेघ राहते. मकराण्याचा दगड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने लगेच फसफसतो. राजसमंदचा डोलोमाइटयुक्त (मॅग्नेशियम असलेल्या कार्बोनेट खनिजाचा) संगमरवर थंड आम्लाला दाद देत नाही, आधी खरवडून पूड करा, मग फसफसतो.