मदत हवी आहे: कोलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा 'स्यूडोमोनास' जंतू, पण को-अमॉक्सिक्लाव्हला सेन्सिटिव्ह. हे काय प्रकरण?

प्लेटवाली

नमस्कार मंडळी. दक्षिण कोकणातल्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. आमच्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम आठवड्यातून एकदा येतात आणि आत्ता नेमका त्यांचा फोन लागत नाहीये, म्हणून इथे विचारते.

पेशंट पन्नाशीचे, भातशेती करणारे, साखर कायम वाढलेली. लावणी झाल्यापासून ताप उतरत नाही. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो सगळं निगेटिव्ह. सोनोग्राफीत स्प्लीनमध्ये (प्लीहेत) गळवं दिसली. सुईने काढलेला पू आमच्याकडे आला. डॉक्टरांना टीबीचा संशय होता, पण टीबीचे जंतू दाखवणाऱ्या झेडएन स्टेनमध्ये काही नाही.

ग्राम स्टेनला भरपूर पस सेल्स आणि बारीक ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय (काडीसारखे जंतू). दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका. २४ तासांनी ब्लड अगरवर लहान, गुळगुळीत, मलईच्या रंगाच्या कॉलनी होत्या. मॅकॉन्की अगरवर रंग नव्हता, म्हणजे नॉन-लॅक्टोज फर्मेंटर (लॅक्टोज साखर न आंबवणारा). ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, मोटिलिटी (हालचाल) आहे, टीएसआय या साखरेच्या माध्यमात फारसा बदल नाही. हिरवं पिगमेंट अजिबात नाही.

इथपर्यंत मी स्यूडोमोनास धरूनच चालले होते. सेन्सिटिव्हिटी (जंतू कोणत्या औषधाला दबतो ते) वाचली आणि अडले. जेंटामायसिन आणि अमिकासिन दोन्ही रेझिस्टंट. कोलिस्टिनच्या डिस्कला (औषधाच्या चकतीला) अगदी चिकटून ग्रोथ. आणि को-अमॉक्सिक्लाव्हला मात्र छान मोठा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ)! स्यूडोमोनास को-अमॉक्सिक्लाव्हला सेन्सिटिव्ह कसा येईल? आता ४८ तासांनी कॉलनी कोरड्या पडून त्यांना सुरकुत्या यायला लागल्यात.

पेशंट सेफ्ट्रायक्झोन आणि अमिकासिनवर आहेत, ताप तसाच. डॉक्टर रिपोर्टसाठी मागे लागलेत. काय लिहू?

लॅबकाका

डिस्क जुन्या असतील. कंट्रोल स्ट्रेन (ओळखीचा जंतू) लावून बघा. नाहीतर 'स्यूडोमोनास स्पीशीज' लिहून मोकळं व्हा, खासगी लॅबला एवढंच परवडतं.

प्लेटवाली

काका, डिस्क नवीन लॉटच्या आहेत आणि कंट्रोल बरोबर आलाय. 'स्पीशीज' लिहिलं तर डॉक्टर औषध कशावरून ठरवणार?

मायक्रो_एमडी

ताई, सगळ्यात आधी ती प्लेट बंद करा, कडेने टेप लावा आणि उघड्या टेबलावरचं काम थांबवा. वासही घेऊ नका. मातीसारखा वास येतो असं पुस्तकात वाचून मुलं हमखास नाक लावतात, म्हणून आधीच सांगतोय.

तुमचं वर्णन बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय या जंतूचं आहे, म्हणजे आजार मेलिऑइडोसिस. अनियंत्रित मधुमेह, पावसाळा, चिखलातलं काम, स्प्लीनमधली गळवं आणि टीबी समजून चाललेला शोध, सगळं जुळतंय. हा जंतू माती-पाण्यात राहतो. त्वचेवरच्या जखमेतून, श्वासातून किंवा पाण्यावाटे शरीरात जातो. किनारी कर्नाटकात, उडुपी-मंगळूर पट्ट्यात, तो नीट शोधला जातो म्हणून तिथे सापडतो. आपल्याकडे बहुतेक वेळा तो 'स्यूडोमोनास' नावाने रिपोर्टमधून निघून जातो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामींनी रंगूनमधल्या रुग्णांवरून हा आजार १९१२ साली छापून आणला, म्हणजे शतक उलटलं, तरी आपली ही गत.

तुम्ही नकळत जे केलंत त्यालाच तीन डिस्कची चाळणी म्हणतात. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्राम निगेटिव्ह बॅसिलस, जेंटामायसिन रेझिस्टंट, कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन रेझिस्टंट, को-अमॉक्सिक्लाव्ह सेन्सिटिव्ह. स्यूडोमोनास एरुजिनोसाचं साधारण उलट असतं: कोलिस्टिन चालतं, को-अमॉक्सिक्लाव्ह चालत नाही. इथे कोलिस्टिनची डिस्क फक्त ओळखीसाठी वापरायची. तिच्यावरून उपचारासाठी 'सेन्सिटिव्ह' लिहायचं नसतं, झोनचा भरवसा नाही. आणि मलेशियातल्या सारवाकमध्ये जेंटामायसिनला सेन्सिटिव्ह स्ट्रेनही सापडलेत, त्यामुळे एका डिस्कवर सगळा डोलारा उभा करू नका.

नागपूरकर_डीएमएलटी

आमच्याकडे मध्यंतरी सुरकुतलेल्या कॉलनी आल्या होत्या, तो स्यूडोमोनास स्टुट्झेरी निघाला. नुसत्या कॉलनीवर जाऊ नका.

मायक्रो_एमडी

अगदी बरोबर. आर्जिनिनची टेस्ट लावली की फरक कळतो, स्टुट्झेरी निगेटिव्ह आणि स्यूडोमलाय पॉझिटिव्ह. पण ही टेस्ट आता क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट (जंतू हवेत पसरू न देणारं कपाट) असेल तरच लावा.

प्लेटवाली

कॅबिनेट नाही सर. शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये ऑटोमेटेड मशिन आहे, तिकडे पाठवू का?

मायक्रो_एमडी

पाठवा, पण संशय स्पष्ट कळवून. व्हायटेक मशिन कधी कधी याला बर्खोल्डेरिया सेपासिया म्हणतं, ओळखीच्या टेस्टची एपीआय पट्टी क्रोमोबॅक्टेरियम म्हणू शकते. माल्डी मशिनच्या डेटाबेसमध्ये हा जंतू नसेल तर जवळचा भाऊ थायलँडेन्सिस दाखवतो. मशिनने 'सेपासिया' म्हटलं आणि तुमच्या प्लेटवर को-अमॉक्सिक्लाव्हला मोठा झोन असेल, तर प्लेटवर विश्वास ठेवा. खात्री लॅटेक्स ॲग्लुटिनेशनने किंवा पीसीआरने होते. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात या जंतूवर बरीच वर्षं काम चालू आहे, तिथे फोन करून विचारा. शुद्ध कल्चर न्यूट्रिअंट अगरच्या स्लँटवर न्यायचं, तिहेरी पॅकिंगमध्ये. या जंतूचं कल्चर वाहतुकीच्या नियमांत सर्वांत वरच्या 'ए' वर्गात मोडतं, साध्या कुरिअरच्या पाकिटात टाकायचं नाही.

डॉक्टरांना मात्र आत्ताच फोन करा, खात्रीची वाट बघू नका. सेफ्ट्रायक्झोन यावर पुरेसं नाही आणि अमिकासिनचा उपयोग नाही. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून, किमान १० ते १४ दिवस. खोल गळवं असतील तर त्याहून जास्त. त्यानंतर तोंडाने को-ट्रायमोक्सॅझोल निदान ३ महिने. ताप गेला म्हणून पेशंट गोळ्या सोडतात आणि आजार उलटतो, हेही सांगा. शिवाय ब्लड कल्चर, लघवी आणि घशाचा स्वॅब मागवा. घशाच्या स्वॅबला ॲशडाउन अगर लागतो, त्यात जेंटामायसिन असल्याने बाकीचे जंतू दबतात. पुवासाठी ब्लड अगर पुरतो, फक्त प्लेट लवकर फेकू नका.

आणि एक. त्या प्लेटजवळ कोण कोण होतं? त्यात कुणाला मधुमेह आहे?

प्लेटवाली

मी आणि आमचे अटेंडंट काका. काकांना आहे मधुमेह. जंतूंचं सस्पेन्शन मी टेबलावरच केलं होतं, काका शेजारी काचा धूत होते.

मायक्रो_एमडी

दोघांची नावं आणि तारीख लिहून ठेवा आणि आजच फिजिशियनना दाखवा. जोखीम जास्त वाटली तर प्रतिबंध म्हणून को-ट्रायमोक्सॅझोल २१ दिवस देतात. काकांच्या बाबतीत हे टाळू नका. सल्फाची ॲलर्जी विचारून घ्या, आणि पुढचे ३ आठवडे दोघांनी रोज ताप बघा.

लॅबकाका

माघार घेतो. आमच्याकडे 'स्यूडोमोनास स्पीशीज' म्हणून गेलेले पुवाचे रिपोर्ट आता रजिस्टरमध्ये शोधायला बसलोय.

प्लेटवाली

डॉक्टरांशी बोलले, सेफ्टाझिडीम सुरू करतायत. अटेंडंट काका आणि मी संध्याकाळी फिजिशियनकडे जातोय. मणिपालला फोन लागला, पॅकिंग कसं करायचं ते कळवणार आहेत. आता रिपोर्टवर नेमके शब्द काय घालू?

मायक्रो_एमडी

'ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, नॉन-फर्मेंटिंग ग्राम निगेटिव्ह बॅसिलस. बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय असण्याची दाट शक्यता. खात्रीसाठी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवत आहोत.' खाली जेंटामायसिन, अमिकासिन आणि कोलिस्टिनचा उपयोग नाही अशी टीप घाला. 'प्राथमिक रिपोर्ट' हा शिक्का विसरू नका, आणि मॅडमचा फोन लागला की सही त्यांचीच घ्या.