टच माउसवर रोज सात-आठ तास काम करणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा

ध्वनिफीत
नमस्कार मंडळी. मी मिरजेत राहतो आणि घरून ऑडिओबुकांचं संपादन करतो. वाचणाऱ्याचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे कच्चं येतं. त्यातले खोकले, पान उलटल्याचा आवाज, खुर्चीची करकर, शेजारच्या कुकरची शिट्टी, तीनदा वाचलेलं एकच वाक्य, हे सगळं काढून प्रकरण स्वच्छ करायचं. तासाभराच्या मुद्रणाला चार तास सहज जातात आणि त्यातला निम्मा वेळ मी पडद्यावरची ध्वनिलहर डावीकडे-उजवीकडे सरकवत असतो. काम मॅक मिनीवर, सॉफ्टवेअर रीपर.

सध्या वायरचा, चाकाचा साधा माउस आहे. रीपरमध्ये नुसतं चाक फिरवलं तर लहर लहान-मोठी होते. आडवं सरकायचं तर डाव्या हाताने कळ दाबून धरायची आणि उजव्याने चाक फिरवायचं. परवा मुद्दाम मोजलं, पंधरा मिनिटांत २१२ वेळा हे केलं. म्हणून टच माउसचा विचार आहे, ज्याच्या पाठीवर बोट आडवं फिरवलं की लहर आडवी सरकेल.

गेल्या दिवाळीत एक स्वस्तातला ऑनलाइन मागवला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. खोक्यावर चारही दिशांचे बाण छापलेले, प्रत्यक्षात पाठीवर मधोमध एक पट्टी, ती फक्त वर-खाली चालायची. परतीची मुदत दहा दिवसांची होती. मी तेव्हा एका पुस्तकाच्या घाईत होतो, अकराव्या दिवशी कळवलं, पैसे गेले. म्हणून या वेळी आधी विचारतो आहे. आठ हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, पण तो पुन्हा वाया गेलेला परवडणार नाही.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. आडवं सरकणं किती नेमकं असतं, म्हणजे दोन शब्दांमधल्या श्वासावर येऊन थांबता येतं का? मी बराच वेळ हात माउसवर टेकवून नुसता ऐकत असतो, तेव्हा बोट हललं तर काय होतं? आणि उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, तर असा चपटा माउस चालेल का?

पानजुळणी
पुण्यात पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते. सात वर्षं टच माउसच वापरते आहे. मला पुन्हा चाकाकडे जायचं नाही, आणि त्याचं कारण तुमचंच: आडवं सरकणं. समोरासमोरची दोन पानं मोठी करून बघताना डाव्या पानाच्या समासापासून उजव्याच्या समासापर्यंत एका बोटाने जाता येतं, तिरपंही जाता येतं. चाकाला दोनच दिशा असतात.

मॅकला सरळ जोडला जाणारा म्हणजे मॅजिक माउस. पहिला ऑक्टोबर २००९ मध्ये आला, त्यात दोन पेन्सिल सेल लागायचे. २०१५ पासून बॅटरी आत, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून चार्जिंगला यूएसबी-सी. चार्जिंगची जागा आजही पोटाकडे आहे, म्हणजे वायर लावलेली असताना माउस वापरता येत नाही. यावर लोक खूप बोलतात, पण पूर्ण चार्ज महिनाभर पुरतो. चहाला उठताना उलटा करून वायर लावायची सवय केली की पुरे.

वापरण्याआधी एक समजून घ्या. याला डावं-उजवं असं वेगळं बटण नाही. अख्खी पाठ एकच बटण असते आणि क्लिक होताना बोट कुठे टेकलं होतं त्यावरून ती डावी की उजवी हे ठरतं. उजवी क्लिक करताना तर्जनी पाठीवरून उचलायची. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही, मग तो म्हणतो की क्लिक नीट होत नाही. माउस मुठीत धरायचाही नाही. कडेने अंगठा आणि शेवटची दोन बोटं, वरची दोन मोकळी.

श्वासावर थांबायचं म्हणता, तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत पॉइंटर कंट्रोल, तिथे माउस ऑप्शन्स. त्यात स्क्रोलची इनर्शिया बंद करा. ती चालू असली की बोट उचलल्यावरही पान पुढे वाहत जातं. वाचायला बरं वाटतं, नेमक्या कामाला अजिबात नाही. आणि एका बोटाने दोनदा टिचकी मारली की मोठं होण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा.

चौथा_मजला
मी नाशिकला ऑटोकॅडवर इमारतींचे नकाशे करतो. माझं मत: नको. आमचा सगळा दिवस चाक दाबून नकाशा सरकवण्यात जातो आणि चाकावर दोनदा दाबलं की पूर्ण नकाशा पडद्यावर येतो. टच माउसला हे तिसरं बटणच नाही. वेगळी ॲप घालून दोन-तीन बोटांनी ते करून घेता येतं, पण दाबून धरून ओढायला हाताला जो आधार लागतो तो गुळगुळीत पाठीवर मिळत नाही. तुमच्या कामात मधलं बटण लागत नसेल तर माझं म्हणणं सोडून द्या.

सांधा
ध्वनिफीतकाका, मी डोंबिवलीत फिजिओथेरपिस्ट आहे. माउसच्या आधी हाताचं बघू. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, तर मनगटाच्या बोगद्यातली मधली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. रात्री जास्त होणं हेही त्याच बाजूचं लक्षण. करंगळीला येत असतील तर ती दुसरी नस, तिचा त्रास बहुतेकदा कोपरापाशी असतो. दोन्हींची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. डॉक्टरांना दाखवून घ्या, लांबवू नका. माउस बदलून हे बरं होत नाही.

आता चपटेपणाचं. मॅजिक माउसची उंची २.१६ सेंटिमीटर. तळहाताला खालून आधार मिळत नाही आणि पंजा पूर्ण पालथा राहतो. उभ्या धाटणीचे माउस मिळतात, त्यांत हात साधारण ५७ अंशांत कललेला असतो, हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा. ते पुष्कळांना सोसवतात. पण उलट बाजूही सांगते: टच माउसला बोट फार हलकं लागतं, आणि चाक दिवसभर फिरवणाऱ्यांची तर्जनी सुजलेली मी पाहिली आहे. तेव्हा कोणता माउस यापेक्षा कोपर टेबलावर टेकलेलं आहे का, मनगट करंगळीकडे वळलेलं राहतं का आणि तुम्ही सलग किती वेळ न उठता बसता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुरुस्ती
कोल्हापुरात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तुमचा दिवाळीचा माउस कसला असेल ते ओळखलं. 'टच' लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त माउसमध्ये एकच उभी पट्टी असते. पाठ सगळीकडून बोट ओळखणारी हवी. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये असा टच माउस काढला होता, लॉजिटेकचेही एक-दोन होते, पण ते आता बंद झाले. कुठे जुना पडून राहिलेला माल मिळाला तरी घेऊ नका. आणि मॅजिक माउस पुढे कधी विंडोजला लावायचा विचार असेल तर नुसतं जोडून स्क्रोल होत नाही, वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.

ही पाठ बोटातून बदलणारा विजेचा भार ओळखते. म्हणून रबरी हातमोजा घातला की तिला बोट कळत नाही, आणि ओल्या बोटाने ती गोंधळते. पावसाळ्यात किंवा हाताला क्रीम लावल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसत चला. खाली काच असेल तर पॅड टाका.

तुमच्या कामातलं खास: आवाजाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील ना? यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. हा माउस ज्यावर चालतो ते ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतं. बाण अडखळायला लागला तर माउसला दोष देण्याआधी डिस्क मॅक मिनीपासून हातभर लांब ठेवून बघा. माझ्याकडे आलेले कितीतरी 'बिघडलेले' माउस एवढ्यानेच सुधारले.

आणखी एक वाट आहे. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टरला अंगठ्यापाशी दुसरं चाक असतं, आडवं सरकायला. हाताला भरीव लागतो. कुणाचा तरी आठ दिवस मागून दोन्ही वापरून बघा, मगच पैसे घाला.

ध्वनिफीत
सगळ्यांचे मनापासून आभार. साडेतीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सांधाताई, तर्जनी आणि मधलं बोटच. इथे डॉक्टरांना दाखवलं, रात्री झोपताना बांधायला मनगटाचा पट्टा दिला आहे. मुंग्या कमी आहेत. दर चाळीस मिनिटांनी उठतो आहे.

सांगलीच्या भाच्याकडून टच माउस दहा दिवस आणला. पहिले दोन दिवस वाईट गेले. उजवी क्लिक दहातल्या चार वेळा डावी व्हायची, तर्जनी उचलायचं बोटांना कळेना. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. एक प्रकरण हात टेकवून ऐकत होतो, बाण फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पडद्यावरच्या सरकत्या खुंटीवर, राहिला होता आणि माझं बोट नकळत पाठीवर घसरलं. वाचणाऱ्या बाईंचा आवाज चार डेसिबलने खाली गेला आणि मी तसंच पुढे दोन प्रकरणं काम केलं. रात्री हेडफोन लावून सलग ऐकताना सापडलं. त्या बाई त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, एकेक वाक्य जपून वाचतात. त्यांचा आवाज माझ्या बोटाने दबला याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

पण चौथ्या दिवशी जे झालं ते सांगायलाच हवं. मी हे काम १९८८ मध्ये पाव इंची फितीवर शिकलो. तेव्हा दोन्ही हात रिळांवर ठेवून फीत हेडवरून पुढे-मागे हलवायची, आवाज घोगरा होऊन वर-खाली जायचा, आणि शब्द जिथे सुरू होतो ती जागा हाताला कळायची. तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण, मग खाचेत बसवून पात्याने तिरका काप. पंधरा इंचांच्या वेगाला एक सेकंद म्हणजे पंधरा इंच फीत. एक श्वास हाताच्या बोटाएवढा लांब असायचा, तो उचलून बाजूला ठेवता यायचा. संगणकावर आल्यापासून ही लांबी हाताला कधी कळली नव्हती. चाक टप्प्याटप्प्याने जातं. इनर्शिया बंद केल्यावर त्या गुळगुळीत पाठीवर बोट हळूच सरकवलं आणि लहर बोटाएवढीच सरकली, बोट थांबलं तिथे थांबली. मी बराच वेळ नुसता एक शब्द पुढे-मागे करत बसलो होतो.

तेव्हा माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, श्वासावर थांबता येतं.

आता मांडणी अशी केली आहे. टच माउस घेतला, पण तो डाव्या हाताला. दोन्ही बाजूंनी सारखाच असल्याने तिथे अडत नाही. त्याने फक्त सरकवायचं. उजव्या हाताला जुना वायरचा माउस, काप आणि क्लिक त्याने. मॅकला दोन्ही एकदम जोडलेले चालतात, बाण एकच राहतो. उजव्या बोटाचं चाक फिरवणं जवळजवळ संपलं. ऐकताना डावा हात माउसवरून काढून शेजारी घडी घातलेल्या पंचावर ठेवतो. दुरुस्तीदादा, डिस्क टेबलाखाली नेली, बाण एकदाही अडखळला नाही. एमएक्स मास्टर सांगलीच्या दुकानात हातात धरून पाहिला, अंगठ्याचं चाक चांगलं आहे, पण तेही चाकच.

एक अडचण उरली आहे. फेडरवर बाण असताना बोट फिरलं तरी आवाज हलू नये अशी काही सोय रीपरमध्ये आहे का?

पानजुळणी
मी रीपर वापरत नाही, भावाला विचारलं. प्रेफरन्सेसमध्ये एडिटिंग बिहेवियर, त्याखाली माउस. तिथे सगळ्या फेडरांवर माउसचं चाक दुर्लक्षित करायची एक चौकट आहे, तिथे खूण करा. टच माउसचं बोट सॉफ्टवेअरच्या लेखी चाकच असतं, त्यामुळे त्यालाही ते लागू होईल.

ध्वनिफीत
सापडली. खूण केली. आता फेडरवर मुद्दाम बोट फिरवून पाहिलं, आवाज जागचा हलला नाही. बाईंचं अकरावं प्रकरण सुरू करतो.